विक्रम मोजायचा कसा: खानापूरच्या एका मोजणीदाराची पद्धत

चोवीस तासांच्या धावण्याची ती वही माझ्या ओसरीवर आली, तेव्हा पहिल्यांदा खटकली ती तिची स्वच्छता. दोनशे पानी वही, पानापानावर पाच-पाच रेघांचे जुडगे, चार उभ्या आणि एक आडवी, सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या आणि सारख्या उंचीच्या. संध्याकाळी सहाच्या रेघा जशा, तशाच पहाटे साडेतीनच्या. जानेवारीत आमच्याकडे इतकं दव पडतं की उघड्यावरचा कागद पहाटे मऊ पडतो, शाई फुटते, लिहिणाऱ्याची बोटं गारठून अक्षर वाकडं होतं. या वहीत खाडाखोड नव्हती, चहाचा डाग नव्हता, पेनसुद्धा बदललेलं नव्हतं.

मी एकतीस वर्षं खानापूर तालुक्यात मोजणीदार होतो. बांधावर बसून लिहिलेलं फील्ड बुक कोणतं आणि घरी येऊन सावकाश उतरवलेलं कोणतं, हे मला पान उलटायच्या आत कळतं. समोर बसलेला पोरगा म्हणाला, "काका, पळालोय की वो मी. चारशे चोवीस फेऱ्या." तो पळाला होता याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती, आणि ओसरीची एक पायरी चढताना त्याने भिंतीचा आधार घेतला होता. झालं होतं असं, की त्याच्या मोठ्या भावाने दुसऱ्या दिवशी सगळं "चांगल्या अक्षरात" उतरवून काढलं आणि मूळ चुरगळलेले कागद बंबात घातले. एका प्रामाणिक माणसाच्या चोवीस तासांचा पुरावा अंघोळीचं पाणी तापवण्यात गेला.

गेली काही वर्षं बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगडची पोरं लांब पल्ल्याचं पळायला लागली आहेत. २०२२ च्या जुलैत बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर चोवीस तासांची आशिया-ओशनिया अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष संघाने सुवर्ण घेतलं, तेव्हापासून तर जास्तच. त्यांचे दावे तपासायला माझ्याकडे येतात, कारण मला टेप धरता येते आणि पंचनामा लिहिता येतो. त्या कामात जे शिकलो ते इथे मांडतो. धावणाऱ्यांनी वाचावंच, पण त्यांच्या भावांनी, मित्रांनी आणि गाडीतून पाणी घेऊन मागे जाणाऱ्यांनी आधी वाचावं.

आधी दावा एका वाक्यात

कोणी "विक्रम केला" म्हणत आलं की मी कागद पुढे सरकवतो आणि एकच वाक्य लिहायला सांगतो. कोण, कुठून कुठे किंवा कोणत्या मैदानावर, किती अंतर, सुरुवात किती वाजता, शेवट किती वाजता, आणि हा विक्रम कुणाच्या यादीतला. बरेचसे दावे लिहिता लिहिताच बदलतात. "भारतात पहिला" म्हणणारा "आमच्या माहितीत पहिला" वर येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

यादी कुणाची, हे आधी ठरलं पाहिजे, कारण नियम त्यावरून ठरतात. ५० आणि १०० किलोमीटरचे जागतिक विक्रम वर्ल्ड ॲथलेटिक्स मान्य करते. चोवीस तासांसारख्या प्रकारांचं काम १९८४ साली स्थापन झालेली अल्ट्रा धावपटूंची आंतरराष्ट्रीय संघटना बघते, तिला सगळे आयएयू म्हणतात. गिनेसकडे जायचं असेल तर अर्ज आधी करायचा, त्या त्या विक्रमाचे निकष हातात घ्यायचे आणि मगच बूट बांधायचे. एखादी ठरलेली वाट सगळ्यात कमी वेळात पार करणं, ज्याला पळणारे एफकेटी म्हणतात, त्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे मदतीवरून वर्ग पडतात. सोबत गाडी आणि माणसं होती, वाटेतल्या दुकानात मिळेल ते घेतलं, की सगळं पाठीवर घेऊन निघालात, हे निघण्यापूर्वी जाहीर करायचं. नंतर सोयीचा वर्ग निवडता येत नाही.

मापाचा अंदाज यावा म्हणून दोन आकडे डोक्यात ठेवा. ग्रीसच्या यानिस कुरोसने १९९७ साली ॲडलेडला चोवीस तासांत ३०३.५०६ किलोमीटर काढले. तो आकडा २०२१ पर्यंत कुणाला हलवता आला नाही. त्या वर्षी लिथुआनियाच्या अलेक्झांडर सोरोकिनने तो मोडला आणि २०२२ मध्ये व्हेरोनाला ३१९.६१४ वर नेला. म्हणजे खाणंपिणं, शौच, बूट बदलणं सगळं धरून किलोमीटरला साडेचार मिनिटं, आणि तसे चोवीस तास. हे माहीत असलं की गावच्या मैदानावर कुणी "तीनशे झाले" म्हटलं तर त्याला हसायचंही नाही आणि लगेच हारही घालायचा नाही. प्रत्येक फेरीची वेळ मागायची.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. लहान मुलांचे दावे मी हातात घेत नाही. २००६ साली ओडिशात चार वर्षांच्या पोराला पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर पळवलं होतं. असली गोष्ट मोजायला माणूस मिळतो, म्हणून ती घडते. आईबाप घेऊन आले तर चहा देतो आणि परत पाठवतो.

चोर्ल्याचा उतार

आमच्या भागातला सगळ्यात लाडका बेत म्हणजे बेळगाव ते पणजी, जांबोटी-कणकुंबी-चोर्ला मार्गे. शंभर किलोमीटर सहज भरतात आणि शेवटी समुद्र. दरवर्षी कोणीतरी हे पळून "शंभरचा विक्रम" म्हणत येतो.

रस्त्यावरच्या विक्रमाला दोन अटी आहेत. सुरुवात आणि शेवट यांमधलं सरळ रेषेतलं अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि एकंदर उतार किलोमीटरला एक मीटरहून जास्त नको. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे आणि पणजी समुद्राला टेकलेली. शंभर किलोमीटरला शंभर मीटर उतार चालतो, इथे त्याच्या सातपट आहे. सरळ रेषेत मोजलं तरी ऐंशीच्या घरात. दोन्ही अटींत बसत नाही.

म्हणून ते धावणं खोटं ठरत नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीपर्यंत चढउतार करत जायचं आणि मग घाट उतरताना मांड्यांचा जो भुगा होतो, तो ज्याचा त्याला माहीत. पण त्याचं वाक्य असं लिहायचं: "बेळगाव ते पणजी, चोर्ला मार्गे, सोबत गाडी, सर्वांत कमी वेळ". हे वाक्य टिकतं. दुसरं टिकत नाही, आणि न टिकणाऱ्या वाक्यापायी खरं धावणंही लोक नाकारतात.

गावांची नावं लिहिताना जिल्हा लिहा. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे. बाहेर बसून कागद तपासणाऱ्याला बेळगाव आणि बेळगावी ही एकाच शहराची नावं, हेही माहीत नसतं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकले की प्रश्नच मिटला.

मार्ग मोजताना

आमच्या खात्यात ३३ फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची साखळी होती. वापरून वापरून कड्या झिजतात, साखळी लांबते, आणि लांबलेल्या साखळीने मोजलेलं शेत कागदावर लहान होतं. म्हणून मोजणीला निघण्याआधी साखळीच मोजायची. धावण्याच्या मार्गाचंही तसंच आहे.

मोटारसायकलच्या मीटरवर, मोबाइलच्या नकाशावर, हातातल्या घड्याळावर किंवा रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर भरवसा ठेवून मोजलेला मार्ग विक्रमाला चालत नाही. रस्ता रुंद करताना दगड हलतात, बायपास झाला की त्यांचा हिशेबच बदलतो. जगभर मान्य असलेली पद्धत साध्या सायकलची आहे. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात. चाकाच्या एका फेऱ्यात ते तेवीस-चोवीस आकडे पुढे सरकतं, म्हणजे एक आकडा नऊ सेंटिमीटरच्या आसपास. आधी एखाद्या सरळ, सपाट रस्त्यावर स्टीलच्या टेपने निदान ३०० मीटरची पट्टी आखायची. आम्ही महामार्गालगतच्या सर्व्हिस रोडवर रविवारी पहाटे आखतो. टेप सैल सोडायची नाही आणि जीव खाऊन ओढायचीही नाही, साधारण पाच किलोचा ताण, स्प्रिंगचा काटा लावून. मग त्या पट्टीवर सायकल चार वेळा चालवायची आणि दर वेळचे आकडे लिहायचे. समजा सरासरी ३,३०० आली, तर किलोमीटरला ११,००० झाले. त्याला १.००१ ने गुणायचं, म्हणजे ११,०११. हा जास्तीचा सहस्रांश मार्ग आखूड पडू नये म्हणून. शंभर किलोमीटरला तो शंभर मीटर होतो.

मार्ग मोजताना सायकल धावणारा जो जवळात जवळचा रस्ता घेऊ शकेल तिथून न्यायची. वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर, आणि दोन वळणांच्या मध्ये तिरकी सरळ. पोरांना हे पटत नाही. "एवढं आत घासून कोण पळतंय वो?" म्हणतात. जो घासून पळेल तोही ठरलेलं अंतर पुरं पळाला पाहिजे, म्हणून. मोजून झालं की लगेच त्याच पट्टीवर पुन्हा चार वेळा. बेळगावात पहाटे गारवा आणि अकराला चटका. उन्हाने टायर फुगतं आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात. आधीचा आणि नंतरचा, यांतला मोठा आकडा मी धरतो. मार्ग बोटभर लांब पडला तर पडू दे, आखूड नको.

एवढा कीस का काढायचा? २०२१ च्या जानेवारीत जिम वॉल्म्स्ली हा अमेरिकन धावपटू ॲरिझोनात १०० किलोमीटर ६ तास ९ मिनिटं २६ सेकंदांत पळाला. जपानच्या नाओ काझामीचा तेव्हाचा विक्रम ६:०९:१४ होता. बारा सेकंदांनी हुकला. त्याच्या वेगाने बारा सेकंद म्हणजे पन्नास-पंचावन्न मीटर. मार्ग मोजताना जी शंभर मीटरची खबरदारी घेतात, तिच्या साधारण निम्मं. उलट गोष्ट न्यूयॉर्कची. १९८१ च्या मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझारच्या नावावर जागतिक विक्रम लागला, आणि पुढे मार्ग पुन्हा मोजला तर तो सुमारे १५० मीटर आखूड निघाला. पळणाऱ्याचा काही दोष नव्हता. मोजणाऱ्याच्या चुकीची किंमत पळणाऱ्याने भरली, आणि तो माणूस परत मागे जाऊन ते दीडशे मीटर पळू शकत नाही.

आता त्या पोराच्या मैदानाकडे येतो. शाळेचं मैदान, चुन्याची रेघ, सगळे बिनधास्त "चारशे मीटर" म्हणायचे. आम्ही चौघांनी टेप लावली. आतल्या बाजूला उंच कड असेल तर कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात, नुसती रेघ असेल तर २० वर. हे दहा सेंटिमीटर क्षुल्लक वाटतात, पण पूर्ण फेरीला त्यांचे ६३ सेंटिमीटर होतात आणि चारशे चोवीस फेऱ्यांना अडीचशे मीटरच्या वर. मैदान भरलं ३९१.४ मीटर. तोंडी सांगायचे १६९.६ किलोमीटर, निघाले १६५.९५. पोरगा टेपचं टोक धरून उकिडवा बसला होता. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे नऊ फेऱ्या आणि वर थोडं जास्त पळायला पायजे होतं न्हवं?" मनातल्या मनात केलेला हिशेब बरोबर होता.

मैदान धावण्याच्या आधी मोजा. एवढंच.

फेऱ्या मोजणारी माणसं

धावणाऱ्याच्या अंगावर लावायची चिप आणि ती वरून गेली की फेरी नोंदवणारी मॅट भाड्याने मिळतात आणि मिळाल्या तर जरूर घ्या, पण हाताने लिहिलेली नोंद सोबत हवीच. पावसात मॅट बंद पडते, वीज जाते. कागद भिजला तरी वाचता येतो.

नुसत्या रेघा मारू नका. प्रत्येक फेरीसमोर घड्याळातली वेळ लिहा, तास-मिनिट-सेकंद. हीच वेळ पुढे सगळं सांगते. समजा फेऱ्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या पडताहेत: २:४०, २:४२, २:३९, आणि मध्येच एक ५:२१. तिथे बहुतेक एक फेरी लिहायची राहिली, नाहीतर तो मुतायला थांबला. शेजारच्या शेऱ्यावरून आणि त्याच्या घड्याळावरून कळतं. पण २:४० च्या मध्ये १:१८ आली, तर ती फेरी झालीच नाही, कुणीतरी दोनदा लिहिली. राहिलेली फेरी पुराव्याने परत मिळवता येते. नुसत्या रेघांमधून काहीच मिळत नाही, ना धावणाऱ्याच्या बाजूने, ना विरुद्ध.

मोजणारा चार तासांनी बदला. पहाटे दोन ते पाच ही पाळी ज्याला रात्रपाळीची सवय आहे अशाला द्या. आमच्याकडे दूध संकलनाचं काम करणारा एक जण ती आनंदाने घेतो. पाळी बदलताना खाली रेघ ओढून दोघांनी सह्या करायच्या. चूक झाली तर खोडून बाजूला सही, गिरवायचं नाही. भाऊ, बायको, प्रशिक्षक यांनी पाणी द्यावं, टाळ्या वाजवाव्यात, मोजायला बसू नये. आणि मूळ कागद जसा आहे तसा ठेवायचा. डाग असू देत. चुरगळलेला असू दे. उतरवून काढायची हौस असेल तर उतरवा, पण मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्यानंतर.

शेवटच्या भोंग्याला धावणारा जिथे असेल तिथे त्याच्या क्रमांकाची वाळूची पिशवी ठेवतात आणि तिथवरचं अंतर टेपने मोजतात. तोपर्यंत पिशवीला कुणी हात लावायचा नाही. सगळे मिठ्या मारायला धावतात आणि पिशवी लाथेने उडते, हे मी दोनदा पाहिलंय.

मैदानाऐवजी डोंगरातल्या फेऱ्या असतील तर प्रश्न असतो की तो वरपर्यंत गेला कशावरून. अमेरिकेत टेनेसीच्या डोंगरात बार्कली मॅरेथॉन्स म्हणून अतिशय कठीण शर्यत होते. तिथे जंगलात जागोजागी पुस्तकं ठेवलेली असतात आणि धावपटूने प्रत्येक पुस्तकातून आपल्या बिबच्या, म्हणजे छातीवरच्या पट्टीच्या, क्रमांकाचं पान फाडून आणायचं असतं. पान नाही तर फेरी नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर आम्ही हीच युक्ती जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर केली. खर्च शून्य, आणि वाद एकही झाला नाही.

घड्याळाची फाइल

स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. मूळ फाइल मागा, घड्याळातून थेट निघालेली, 'फिट' नावाच्या स्वरूपातली. जीपीएक्स फाइल ही साध्या मजकुराची असते, कुणीही उघडून बदलू शकतो. स्ट्रावा या धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवरून घेत असाल तर मूळ स्वरूपातली उतरवून घ्या.

फाइल उघडली की मी पहिल्यांदा एकूण वेळ बघतो, चालती वेळ नाही. ॲप मोठ्या अक्षरात मूव्हिंग टाइम दाखवतं आणि पोरं तोच सांगतात. विक्रमाला घड्याळ थांबत नाही. जेवलात, झोपलात, उलटी झाली, सगळं धरून वेळ. दुसरं म्हणजे आतल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यांत साडेपाच तास मिळवल्याशिवाय फोटोशी ताडू नका. एका पोरावर याच कारणाने भलताच संशय आला होता. फाइलीत रात्री साडेबारा आणि फोटोत उजाडलेलं. बारा तीस अधिक पाच तीस, सकाळचे सहा. पोरगा खरा होता.

मग पावलं. धावणाऱ्याचा वेग आणि पावलं यांचं गणित लपवता येत नाही. किलोमीटरला सहा मिनिटं म्हणजे मिनिटाला १६७ मीटर. मिनिटाला १६५ पावलं पडत असतील तर एक पाऊल मीटरभराचं, रास्त आहे. ताशी ४५ किलोमीटरने जीपमध्ये बसलं तर मिनिटाला ७५० मीटर होतात आणि पावलं शून्य, नाहीतर खड्ड्यांच्या धक्क्यांनी वीस-तीस. २०१६ साली एका ब्रिटिश धावपटूने अमेरिका आडवी पळून जायचा विक्रम करायला घेतला होता. कॅन्ससमध्ये रात्री त्याला भेटायला गेलेल्या माणसाला सोबतची गाडी दिसली, धावणारा दिसला नाही. पुढे प्रायोजकाने दोन तज्ज्ञ नेमले. त्याच्या घड्याळातली पावलं आणि अंतर यांचा मेळ बसेना, आणि त्याने गाडीची मदत घेतली असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याने ते नाकारलं. त्याच वर्षी पीट कोस्टेलनिक सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क ४२ दिवस ६ तास ३० मिनिटांत पळाला आणि १९८० पासूनचा विक्रम मोडला. रस्ता तसाच लांब, पण त्याच्या नोंदी उघड्या होत्या.

पण फाइलीत गाडीचा वेग दिसला म्हणजे लबाडी, असं धरून चालू नका. निपाणीकडचा एक जण अनेक दिवसांचं धावणं करत होता. त्याच्या फाइलीत खानापूरच्या अलीकडे नऊ किलोमीटर बारा मिनिटांत दिसत होते. ग्रुपवर लोकांनी त्याला चोर ठरवलंही. मी फाइल पुढे सरकवली, तर तीन तासांनी तीच रेघ तशाच वेगाने उलटी आली आणि निघाली होती बरोबर तिथेच थांबली. पायाला काच लागली होती, टाके घालायला नेलं होतं. सोबतच्या पोराने निघताना किलोमीटरच्या दगडावर खडूने फुली मारून फोटो काढला होता, परतल्यावर त्याच फुलीला पाय लावून दुसरा. दोन फोटो, दोन वेळा, दोन्ही फाइलीशी जुळल्या. अनेक दिवसांच्या धावण्यात हे चालतं, फक्त वहीत लिहायला हवं होतं. त्याने लिहिलं नव्हतं आणि आठ दिवस लोकांचं बोलणं खाल्लं.

म्हणून शंका आली की आधी धावणाऱ्याला फोन करा. ग्रुपवर लिहू नका.

घड्याळाची बॅटरी मध्येच संपू शकते, तेव्हा दोन घड्याळं ठेवा, आणि पहिलं बंद पडायच्या आधी दुसरं चालू करा. दहा मिनिटं दोन्ही सोबत चालली पाहिजेत. तसंच चोर्ल्याच्या झाडीत जीपीएसची रेघ वेडीवाकडी उडते. ती उडालीच पाहिजे. घाटातली रेघ पट्टीने आखल्यासारखी आली तर मी चष्मा पुसून पुन्हा बघतो.

साक्षीदार

आनंदवाडीच्या आखाड्यात पाठ टेकली की नाही हे बघायला पंच मातीत आडवा होतो. साक्षीदाराने तेवढंच जवळ असलं पाहिजे. "मी संध्याकाळी टाळ्या वाजवायला गेलो होतो" ही साक्ष त्या पाच मिनिटांची. कागदावर लिहा की कुठे उभा होता, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि काय दिसलं. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा. मी वेळेबद्दल फार विचारत नाही, आठवण वेळेला फसते. विचारतो की अंगात काय घातलं होतं, काय खात होता, लंगडत होता का, कुठला पाय.

आमच्या भागात साक्षीदार निम्मे मराठी, निम्मे कन्नड. हुक्केरीकडचा चहावाला कन्नडमध्ये सांगेल, तर कन्नडमध्येच लिहू द्या, खाली त्याची सही, आणि भाषांतर वेगळ्या कागदावर. त्याच्या तोंडी आपली भाषा घातली की साक्ष त्याची राहत नाही.

माणसांखेरीजही साक्षी आहेत. महामार्गावरून पळत असाल तर कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी या टोलनाक्यांवर कॅमेरे आहेत. ते चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून धावणं संपल्या दिवशीच लेखी अर्ज द्या. सोबतच्या गाडीतल्यांनी वाटेत केळी, बिस्किटं, पाणी घेतलं असेल तर यूपीआयची पावती वेळेसकट फोनमध्ये असतेच, दुकानाचं नावही असतं. जांबोटीतल्या दुकानात साठ रुपये, सकाळी ७:४२. असा एक कागद दहा प्रमाणपत्रांना भारी आहे.

आणि फोटोत चेहरा, बिब, दोन्ही मनगटं, बूट हे सगळं एकाच चौकटीत येऊ द्या. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स शर्यतीत दिसायला सारखे दोन भाऊ वाटेत आलटून पालटून पळाले आणि नववे आले. सापडले ते फोटोमुळे. एकात घड्याळ एका मनगटावर होतं, दुसऱ्यात दुसऱ्या.

जागतिक विक्रमाला उत्तेजक द्रव्यांची चाचणीही लागते. ते डॉक्टरांचं काम, पण तिची सोय आधी करावी लागते एवढं लक्षात ठेवा. पैसे भरून येणाऱ्या प्रमाणपत्रांबद्दल विचारलंत तर मी एकच विचारतो: देणाऱ्याने काय काय तपासलं ते लेखी द्यायला तयार आहे का?

निकाल लिहिताना

माझ्याकडे निकाल तीन आहेत. सिद्ध, असिद्ध, आणि पुरावा अपुरा. तिसरा फार जपून लिहावा लागतो, कारण लोक तो "खोटारडा" असा वाचतात. म्हणून त्याखाली मी नेहमी दोन ओळी लिहितो: काय मिळालं, आणि काय मिळालं असतं तर दावा उभा राहिला असता. काय तपासलं त्याची यादीही सोबत देतो, म्हणजे उद्या कुणी माझीच मोजणी तपासायला आलं तर त्याला वाट सापडेल.

त्या पोराच्या कागदावर मी "पुरावा अपुरा" लिहिलं. मैदान ३९१.४ मीटर. मूळ नोंद उपलब्ध नाही. घड्याळाची फाइल नवव्या तासापर्यंत, तोवर फेऱ्या आणि फाइल जुळतात. धावणाऱ्याच्या सचोटीबद्दल तपासणाऱ्याला शंका नाही. हे शेवटचं वाक्य पंचनाम्यात बसत नाही, तरी मी ते लिहिलं आणि खाली सही केली. त्याने कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. भाऊ दारातच उभा होता, आत आला नाही.

या जानेवारीत तो पुन्हा पळतोय. मैदान दुसरं आहे, आतल्या बाजूला सिमेंटची कड असलेलं. भावाने मोजणाऱ्यांच्या सहा पाळ्या लावल्यात, एकही घरचा माणूस नाही, आणि कागद ठेवायला पत्र्याची पेटी आणलीय. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही टेप लावणार आहोत. आम्ही तिघं आहोत, टेपचं दुसरं टोक धरायला आणखी एक माणूस लागेल. यायचं असेल त्याने स्वेटर घालून यावं, दव फार पडतंय.